रोजच्या सायकलीसाठी स्वस्त आणि योग्य टायर कसा निवडावा

रोज कामावर किंवा कॉलेजला नेणाऱ्या सायकलीचा टायर झिजला, की नवा घेताना दोन प्रश्न मनात येतात: आपल्या चाकावर कोणता बसेल, आणि त्यातल्या त्यात कमी पैशांत कोणता मिळेल. महागड्या टायरची किंमत ज्या गुणांमुळे वाढते, त्यांतले पुष्कळसे गुण शर्यतीच्या किंवा डोंगरवाटांच्या सायकलींसाठी असतात आणि डांबरी रस्त्यावरच्या रोजच्या ये-जा करण्याला त्यांचा फारसा उपयोग होत नाही. त्यामुळे रोजच्या सायकलीला स्वस्त टायर घालण्यात कमीपणा काहीच नाही. मात्र स्वस्त टायरांमध्येही चांगल्या-वाईटाचा मोठा फरक असतो. तो ओळखायचा तर टायरवर छापलेले आकडे वाचता यायला हवेत आणि टायर कशाचा बनतो याची थोडी माहिती हवी.

जुना टायर खरोखर संपला आहे का, हे आधी पाहावे. रस्त्याला टेकणारे रबर मूळचा गोल आकार सोडून मधोमध सपाट झाले असेल, तर टायर बराच झिजलेला आहे. काही टायरांवर झीज दाखवणारे लहान खळगे असतात. ते दिसेनासे झाले की टायर बदलावा. रबराखालचे धागे कुठेही उघडे पडले, बाजूला फुगवटा आला किंवा आतली ट्यूब दिसेल इतकी खोल चीर पडली, तर तो टायर त्याच दिवशी उतरवावा, कारण तो चालत्या सायकलीत फुटू शकतो आणि पुढच्या चाकाचा टायर अचानक फुटला तर तोल सावरणे फार कठीण जाते. बाजूच्या रबरावरच्या बारीक भेगांना मात्र लगेच घाबरण्याचे कारण नाही. ऊन आणि हवेतला ओझोन यांमुळे रबर वयानुसार तडकतेच. भेगा वरवरच्या असतील आणि धागे झाकलेले असतील, तर टायर आणखी काही काळ चालतो. एकाएकी पंक्चर वाढली असतील, तर टायर टाकून देण्याआधी आतल्या बाजूने कापडाचा तुकडा सावकाश फिरवून पाहावा. रबरात रुतून बसलेला काटा, काचेचा कण किंवा तारेचा तुकडा त्यात अडकतो, आणि बऱ्याचदा टायर धडधाकट असून केवळ तो तुकडाच पुन्हापुन्हा ट्यूबला छेद देत असतो.

आता मापाविषयी. टायर खरेदीत पैसे वाया जातात ते मुख्यत्वे इथेच, म्हणून हा भाग थोडा सविस्तर पाहू. टायरच्या बाजूवर साधारणपणे दोन-तीन प्रकारची मापे छापलेली असतात, आणि त्यांतले भरवशाचे माप एकच असते. ते ‘३७-६२२’ अशा स्वरूपात लिहिलेले असते. युरोपियन टायर अँड रिम टेक्निकल ऑर्गनायझेशन या संस्थेने रूढ केलेली ही पद्धत आयएसओ ५७७५ या आंतरराष्ट्रीय मानकातही आहे. त्यातला पहिला आकडा हवा भरलेल्या टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा आकडा सांगतो तो टायरची कड रिमवर ज्या जागी बसते तिथला व्यास, तोही मिलिमीटरमध्ये. पहिल्या आकड्यात थोडे मागेपुढे चालते. दुसऱ्यात एका मिलिमीटरचीही सूट नाही. जुन्या टायरवर ६२२ असेल तर नवा ६२२ चाच हवा.

इंचांतल्या मापांवर विसंबू नये, याला ठोस कारण आहे. ही मापे वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या काळात, टायरच्या बाहेरच्या अंदाजे व्यासावरून पडली. टायरची जाडी बदलत गेली तरी नाव तेच राहिले, आणि एकाच नावाखाली वेगवेगळ्या व्यासांच्या रिमा आल्या. ‘२६ इंची’ हे एकच उदाहरण घेतले, तरी २६ × १.७५ हा डोंगरी सायकलीचा टायर ५५९ मिलिमीटरचा असतो, २६ × १ ३/८ हा ५९० चा, तर २६ × १ १/२ हा ५८४ चा. गणिताने पाहिले तर १.७५ आणि १ ३/४ हे एकच. टायरच्या जगात मात्र २६ × १ ३/४ हा ५७१ मिलिमीटरचा वेगळाच टायर आहे आणि तो ५५९ च्या रिमवर बसत नाही. इंच दशांशात लिहिले आहेत की अपूर्णांकात, यावरूनच टायर बदलतो. मोठा आकडा म्हणजे मोठे चाक, हेही दर वेळी खरे नसते. २७ × १ १/४ या टायरचा बसण्याचा व्यास ६३० मिलिमीटर आहे, आणि आज ‘२८ इंची’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक टायरांचा ६२२. त्यातही, दांड्यांचे ब्रेक असलेल्या जुन्या उंच सायकलींचा २८ × १ १/२ हा टायर ६३५ चा असतो, म्हणजे दोन ‘२८ इंची’ टायरसुद्धा एकमेकांच्या जागी चालत नाहीत. उलट ‘७००सी’, ‘२९ इंची’ आणि आजचे बहुतेक ‘२८ इंची’ ही तीन नावे एकाच ६२२ मिलिमीटरच्या रिमची आहेत. ७०० हा आकडा जुन्या फ्रेंच पद्धतीतला, टायरच्या बाहेरच्या अंदाजे व्यासाचा. त्यापुढचे अक्षर जाडीचा वर्ग दाखवत असे. लहान चाकांतही हाच घोळ आहे: २० × १.७५ म्हणजे ४०६, तर २० × १ ३/८ म्हणजे ४५१.

म्हणून दुकानात जाण्याआधी जुन्या टायरच्या बाजूवरची धूळ पुसावी, तो मिलिमीटरमधला जोड आकडा शोधावा आणि लिहून किंवा फोटो काढून न्यावा. टायर फार जुना असून अक्षरे पुसली गेली असतील, तर रिमवर आतल्या बाजूला तोच आकडा कोरलेला किंवा चिकटवलेला असतो का ते पाहावे. तोही नसेल, तर चाकच दुकानात न्यावे. विक्रेत्याला ‘सव्वीसचा टायर द्या’ असे सांगून आणलेला टायर परत करण्याच्या खटपटीपेक्षा हे कष्ट कमी आहेत.

रुंदी ठरवताना दोन मर्यादा असतात. एक रिमची: टायर रिमच्या आतल्या रुंदीच्या मानाने फार अरुंद किंवा फार रुंद नसावा. आतली रुंदी १९ मिलिमीटर असलेल्या रिमवर २८ पासून जवळजवळ ५० मिलिमीटरपर्यंतचे टायर निर्धास्तपणे चालतात. दुसरी मर्यादा सायकलीच्या सांगाड्याची आहे. ३७ मिलिमीटरच्या जागी ४७ मिलिमीटरचा टायर घातला, तर तो दोन्ही बाजूंना ५-५ मिलिमीटर जास्त जागा घेतो आणि मडगार्डाच्या दिशेने १० मिलिमीटर उंच होतो. फ्रेम, फोर्क, मडगार्ड आणि ब्रेक यांच्यापासून टायरला चहूबाजूंनी निदान ५ मिलिमीटर मोकळे अंतर राहायला हवे, कारण चिखल आणि खडे टायरला चिकटून वर येतात आणि चाक थोडेसे वाकडे झाले तरी ते घासू नये. एवढी जागा असेल, तर रोजच्या प्रवासासाठी मूळच्यापेक्षा थोडा रुंद टायर घ्यावा असे माझे ठाम मत आहे. रुंद टायरमध्ये हवा जास्त मावते, त्यामुळे तो कमी दाबावर चालवता येतो. खड्ड्यांचे धक्के कमी बसतात, आणि रिम व रस्ता यांच्यामध्ये सापडून ट्यूब फाटण्याचा धोकाही कमी होतो. हा फायदा मिळवण्यासाठी सहसा फारसे जास्त पैसे मोजावे लागत नाहीत.

टायरच्या पोटात मुख्यतः तीन गोष्टी असतात: दोन्ही कडांमधल्या तारा, त्यांच्याभोवती गुंडाळलेले धाग्यांचे कापड आणि त्यावरचे रबर. किंमत कुठे वाढते आणि कुठे वाढू द्यायची नाही, ते या तिन्हींवरून समजते. कडेत पोलादी तार असलेला टायर स्वस्त आणि वजनाला थोडा जड असतो. तारेऐवजी अॅरामिड हा मजबूत कृत्रिम धागा वापरलेला टायर घडी घालून ठेवता येतो, साधारणपणे ५० ते १०० ग्रॅमने हलका असतो आणि त्याची किंमत लक्षणीय जास्त असते. कॅरिअरवर डबा, पिशवी आणि कुलूप घेऊन निघालेल्या सायकलीत हे १०० ग्रॅम जाणवतसुद्धा नाहीत. रोजच्या सायकलीला तारेचाच टायर घ्यावा. तो घडी घालता येत नाही एवढीच त्याची अडचण, आणि ती घरच्या वापरात आड येत नाही.

कापडाच्या विणीचा आकडा ‘टीपीआय’ या नावाने दिलेला असतो. एका इंचात किती धागे आहेत, ते तो सांगतो. स्वस्त टायरांत हा आकडा २० ते ३०, मधल्या प्रतीच्या टायरांत ६० च्या आसपास आणि शर्यतीच्या टायरांत १२० किंवा त्याहून अधिक असतो. आकडा जितका मोठा तितके धागे बारीक, कापड पातळ आणि टायर लवचिक. तो रस्त्यावरून हलका पळतो, पण त्याची बाजू कापली जाण्याची शक्यताही वाढते. काही कंपन्या एका थराचे धागे मोजतात, तर काही एकावर एक आलेल्या थरांचे सगळे धागे मिळवून मोठा आकडा छापतात, म्हणून दोन कंपन्यांच्या आकड्यांची थेट तुलना करू नये. जास्त टीपीआय म्हणजे जास्त मजबुती हा समज चुकीचा आहे. रोजच्या वापराला २७ ते ६० च्या दरम्यानचे कापड पुरेसे आहे आणि त्याहून जास्तीसाठी पैसे देण्याचे कारण नाही.

ज्यासाठी थोडे जास्त पैसे जरूर द्यावेत, अशी माझ्या मते एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे रबर आणि कापड यांच्यामध्ये घातलेला पंक्चररोधक थर. तो दोन प्रकारचा असतो. एकात घट्ट विणलेल्या, सहज न कापल्या जाणाऱ्या धाग्यांची पातळ पट्टी असते. ती काचेचे कण आणि बारीक तारा अडवते आणि वजन फारसे वाढवत नाही. दुसऱ्यात लवचिक रबराचा जाड थर असतो, ज्यामुळे लांब काटासुद्धा ट्यूबपर्यंत पोहोचत नाही. श्वाल्बे कंपनीच्या मॅरेथॉन या टायरमध्ये हा थर ३ मिलिमीटरचा आणि मॅरेथॉन प्लसमध्ये ५ मिलिमीटरचा आहे. असेच जाड थर इतर कंपन्यांच्या बऱ्याच स्वस्त टायरांतही आता असतात. आपल्या वाटेवर बांधकामाचा कचरा, काटेरी झुडपे किंवा फुटलेल्या काचा असतील, तर जाड थराचा टायर घ्यावा. रस्ता स्वच्छ असेल, तर पातळ पट्टी पुरते. ज्या टायरच्या माहितीत अशा कोणत्याही थराचा उल्लेखच नसतो, तो कितीही स्वस्त असला तरी मागच्या चाकाला घेऊ नये. पंक्चरमुळे कामावर उशीर होतो, ट्यूब आणि दुरुस्तीचा खर्च होतो, आणि टायरच्या किमतीत वाचलेले पैसे पाहता पाहता निघून जातात.

जाड थराची किंमत पायांनाही मोजावी लागते, हे मात्र लपवू नये. टायर फिरताना त्याचा रस्त्याला टेकलेला भाग सतत दबतो आणि पुन्हा मूळ आकारात येतो. दबताना शोषलेली सगळी ऊर्जा रबर परत देत नाही. काही उष्णतेत जाते. जाड, कडक आणि जड टायरमध्ये हे नुकसान जास्त होते. चालक, सायकल आणि सामान मिळून ९५ किलो वजन आणि ताशी १८ किलोमीटर वेग धरला, आणि एका टायरचा घरंगळण-विरोधाचा गुणांक (टायर घरंगळताना होणारा विरोध वजनाच्या किती पट आहे, ते सांगणारा आकडा) ०.००६ तर दुसऱ्याचा ०.०१० असला, तर दुसऱ्यासाठी पायांना सुमारे १९ वॅट जास्त द्यावे लागतात. सामान्य माणूस निवांत सायकल चालवताना १०० वॅटच्या आसपास किंवा त्याहून कमीच शक्ती लावतो, हे लक्षात घेतले तर हा फरक लहान नाही. अंतर दोन-तीन किलोमीटरचे असेल तर तो सोसवतो. रोज १०-१५ किलोमीटर जायचे असेल, तर सर्वांत जाड टायर टाळून मधल्या प्रतीचा घ्यावा.

नक्षीबद्दलचा गैरसमज तर फार खोल रुजलेला आहे. मोटारीचा रुंद, सपाट टायर पाण्यावर तरंगू नये म्हणून त्याला खाचा लागतात. सायकलीचा टायर अरुंद आणि गोलसर असतो, वेगही कमी असतो, आणि त्यामुळे तो पाणी बाजूला सारून रस्त्याला टेकतोच. ओल्या डांबरावर पकड मिळते ती रबराच्या प्रतीमुळे आणि योग्य हवेमुळे; खोल नक्षीचा त्यात वाटा जवळजवळ नसतो. रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणे ओली झाली की कोणत्याही नक्षीचा टायर घसरतो. उंच गोट्यांचा टायर माती-चिखलात उपयोगी असतो. डांबरावर मात्र त्या गोट्या वाकतात, आवाज करतात, लवकर झिजतात आणि सायकल जड चालते. डोंगरी सायकल रोजच्या प्रवासाला वापरणाऱ्याने गोट्यांचे टायर काढून त्याच मापाचे गुळगुळीत किंवा उथळ खाचांचे टायर घातले, तर सायकलीच्या चालीत पडणारा फरक पहिल्याच दिवशी जाणवेल. वाटेत कच्च्या रस्त्याचा तुकडा असेल, तर मध्ये सलग पट्टा आणि कडेला लहान गोट्या असलेला टायर घ्यावा.

रंगीत टायरांचा मोह होतो, पण स्वस्त टायर काळाच घ्यावा. रबरात मिसळलेल्या कार्बन ब्लॅकमुळे टायर काळा होतो, आणि हाच पदार्थ त्याला झिजेपासून आणि उन्हापासून वाचवतो. महाग रंगीत टायरांत त्याऐवजी सिलिकासारखे दुसरे पदार्थ काळजीपूर्वक वापरलेले असतात. स्वस्त रंगीत टायरांत तशी खात्री नसते. बाजूवर परावर्तक पट्टी असलेला टायर थोड्या फरकाने मिळत असेल, तर तो जरूर घ्यावा. अंधारात चौक ओलांडणारी सायकल बाजूने येणाऱ्या वाहनाला त्या दोन फिरत्या वर्तुळांमुळे लगेच ओळखू येते. हवेची गरज नसलेले भरीव टायर पंक्चरच्या कटकटीला कंटाळलेल्या माणसाला आकर्षक वाटतात, पण ते जड चालतात, धक्के थेट मनगटांपर्यंत आणि आऱ्यांपर्यंत पोहोचवतात आणि बसवायलाही त्रासाचे असतात. चांगल्या पंक्चररोधक थराच्या हवेच्या टायरला त्यांचा पर्याय मी सुचवणार नाही.

किमतींची तुलना करताना टायर किती किलोमीटर चालेल हेही धरावे. साधा टायर साधारणपणे २,००० ते ५,००० किलोमीटर चालतो. वजन, रस्ता, ब्रेक लावण्याची सवय आणि हवेचा दाब यांवर ते अवलंबून असते. एक टायर दुसऱ्याच्या निम्म्या किमतीत मिळाला, पण दुसऱ्याच्या एक-तृतीयांश अंतरातच झिजला, तर दर किलोमीटरमागे तो दीडपट महाग पडला. अगदी तळाच्या किमतीचा टायर हातात घेऊन पाहावा. जमिनीवर ठेवल्यावर कड एका पातळीत आहे का, रबराची जाडी सगळीकडे सारखी दिसते का, बाजू दोन बोटांनी दुमडल्यावर तडे दिसतात का, एवढे तपासले तरी वर्षानुवर्षे पडून राहिलेला किंवा निष्काळजीपणे बनवलेला माल ओळखता येतो. ज्या टायरवर मिलिमीटरचे माप किंवा हवेच्या दाबाची मर्यादा छापलेलीच नाही, तो घेऊ नये.

दोन्ही टायर एकदम बदलण्याची गरज नसते. चालकाच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार मागच्या चाकावर येतो आणि पायांचा जोरही तिथेच लागतो, त्यामुळे मागचा टायर पुढच्याच्या कितीतरी आधी झिजतो. अशा वेळी पैसे वाचवण्याची चांगली रीत अशी, की पुढचा बऱ्या स्थितीतला टायर मागे घालावा आणि नवा टायर पुढे. मागचे चाक घसरले तर सायकल बहुधा सावरता येते. पुढचे घसरले तर माणूस पडतोच. म्हणून नवा, चांगल्या पकडीचा टायर पुढेच हवा. अर्थात मागे गेलेल्या टायरला पंक्चररोधक थर असेल तरच हे जमते, आणि म्हणूनच दोन्ही टायर पहिल्यापासून एकाच प्रकारचे ठेवणे सोयीचे असते.

ट्यूब जुनीच वापरायची असेल, तर तिच्यावर छापलेल्या रुंदीच्या मर्यादेत नवा टायर बसतो का ते पाहावे. बराच काळ रुंद टायरमध्ये ताणलेली ट्यूब अरुंद टायरमध्ये घातली की तिला घड्या पडतात आणि घडीच्या जागी ती फाटते. नवी ट्यूब घेताना व्हॉल्व्ह जुन्यासारखाच घ्यावा. मोटारीच्या व्हॉल्व्हसारखा जाड श्रेडर व्हॉल्व्ह ८.५ मिलिमीटरच्या भोकासाठी असतो, तर बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह ६.५ मिलिमीटरच्या. टायर उतरवलेलाच असतो, तेव्हा आऱ्यांची टोके झाकणारी रिमवरची पट्टीही तपासावी. ती सरकलेली किंवा फाटलेली असेल, तर नव्या टायरमध्येही ट्यूब आतल्या बाजूने पंक्चर होत राहील.

स्वस्त टायर जास्त चालवायचा असेल, तर त्यातल्या हवेकडे लक्ष द्यावे लागते. बाजूवर छापलेला हवेच्या दाबाचा सर्वांत मोठा आकडा ही मर्यादा आहे. तेवढी हवा भरलीच पाहिजे असा त्याचा अर्थ नाही. अमेरिकन अभियंते आणि सायकलविषयक लेखक फ्रँक बर्टो यांनी सांगितलेला अंदाज उपयोगी आहे: सायकलीवर बसल्यावर टायरची उंची सुमारे १५ टक्क्यांनी दबावी. ३७ मिलिमीटरच्या टायरसाठी हे जवळजवळ साडेपाच मिलिमीटर होतात. सुमारे ७५ किलो वजनाच्या माणसाने अशा टायरमध्ये मागे ६० आणि पुढे ५० पीएसआय एवढ्या दाबापासून सुरुवात करून आपल्या रस्त्याप्रमाणे थोडे कमीजास्त करून पाहावे. काही पंपांवर दाब ‘बार’मध्ये दाखवतात, १ बार म्हणजे १४.५ पीएसआय. अंगठ्याने दाबून पाहण्याची पद्धत फसवी आहे, कारण ४० आणि ६० पीएसआयमधला फरक अंगठ्याला नीट कळत नाही. दाबमापक असलेला साधा पंप घरी असावा आणि आठवड्यातून एकदा हवा पाहावी, कारण ट्यूब धडधाकट असली तरी तिच्या रबरातून हवा हळूहळू बाहेर जातच असते. पंक्चर झालेल्या ट्यूबवर शेजारीशेजारी दोन भोके दिसली, तर ते काट्याचे काम नाही. हवा कमी असताना खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटली गेली होती.

टायर बसवताना बाजूवर बाणाची खूण असेल, तर तो चाक फिरण्याच्या दिशेने ठेवावा. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती आत घालावी, कड शक्यतो हातांनीच रिममध्ये सारावी आणि दोन्ही बाजूंनी ट्यूब कडेखाली अडकलेली नाही हे पाहावे. मग अर्धी हवा भरून चाक फिरवावे. टायरच्या बाजूवर रिमलगत एक बारीक रेषा असते. ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसायला हवी. कुठे ती आत बुडालेली किंवा वर आलेली दिसली, तर हवा काढून तो भाग हाताने बसवावा आणि मगच पूर्ण हवा भरावी. दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी दाब आणि ती रेषा पुन्हा एकदा तपासावी.